तांबडी कशी गेली

ताईच्या त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. सात वर्षं झाली होती. सारा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला हा मुद्रितशोधक. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपासून कायद्याच्या जाडजूड ग्रंथापर्यंत सगळं दोनदा वाचणारा, शुद्धिपत्रातल्या चुकासुद्धा शोधणारा... पण सख्ख्या बहिणीने लिहिलेलं एक पान त्याच्याने पुन्हा उघडवलं नव्हतं. जाड, पिवळट कागद. त्यावर शाई फराटत गेलेली तिची अक्षरं. आणि पानाच्या अगदी तळाशी शेवटचं वाक्य : ‘पुस्तकं वाचून वाचून माणूस कसाई होतो हे मला माहीत नव्हतं.’ खाली सहीसुद्धा नव्हती. सही करण्याइतकंही नातं तिने ठेवलं नाही, असं समजून त्याने कागद होता तसा दुमडला, कोंबडीपालनाच्या एका पुस्तिकेत घातला आणि पुस्तिका कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिली.

आज दुपारी तो जेवायला बसला होता, तोच फोन वाजला. दाजी होते, ताईचे यजमान. आवाज दबलेला.

“पुस्तकराव, जरा घोटाळा झालाय.”

“काय?”

“कोंबड्यांची मानमोडी, तीच. पुढच्या खुराड्यात. दोघींच्या माना पाठीवर फिरल्यात, एक सकाळी गेली.”

घास त्याच्या हातात तसाच राहिला. “दाजी, कोंबडा बाहेर गेला होता का?”

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

“चारच दिवस, ती लेकीकडे गेली होती तेव्हा. परत येऊन दहा दिवस झाले, पुढच्या खुराड्यातच असतो. मित्राचा कोंबडा म्हातारा झालाय हो, त्याच्या कोंबड्या नुसत्या बसून. म्हटलं, आपला नवरदेव जाऊन आला तर झिजतोय थोडाच?” दाजी केविलवाणं हसले. “तुम्ही तेवढं येऊन जा. मागच्या वेळेसारखं. तिला काही बोलू नका म्हणजे झालं.”

मागच्या वेळेसारखं!

त्याने फोन ठेवला. ताटावरून उठला. हात धुताना त्याच्या लक्षात आलं की आपण तोच हात पुन्हा पुन्हा घासतो आहोत. संतापाने. अडुसष्ट वर्षांत इतका राग त्याला कधी आला नव्हता, त्यामुळे तो राग ठेवायचा कुठे हेच त्याला कळेना.

दाजी वाईट नव्हते. दुसऱ्यांच्या वस्तूंच्या बाबतीत ते फार उदार होते, एवढंच. ताईची छत्री, ताईची शिडी, ताईचं शिवणयंत्र, कुणी मागायचा अवकाश, दाजी देऊन मोकळे. सात वर्षांपूर्वी ताई लेकीच्या बाळंतपणाला आठ दिवस गेली आणि परसातल्या कोंबड्या सांभाळायला भावाला बोलावून गेली. त्या आधीच्याच आठवड्यात ती लेकीला बघायला दोन दिवस गेली होती, तेव्हा तिच्या नकळत दाजींनी तिचा कोंबडा मित्राकडे पाहुणचाराला धाडला होता. तो परत आला तो रोग घेऊन. तिसऱ्या दिवशी तीन कोंबड्या गेल्या, चौथ्या दिवशी नऊ. हिरवट विष्ठा, उघड्या चोची, जागच्या जागी गोल फिरणारी ती मुकी जनावरं... पशुवैद्याने सांगितलं, यावर औषध नाही, उरलेल्या बावीस संपवा आणि चुना टाका, नाहीतर आळीतली एकही कोंबडी वाचणार नाही. दाजी घरात जाऊन पांघरूण घेऊन पडले. मुंगीसुद्धा न मारणारा हा मुद्रितशोधक परसात सुरी घेऊन एकटा उरला.

नंतर दाजींनी त्याचे हात धरले होते. “न विचारता वस्तू देण्यावरून तिने मला शेवटचं बजावलंय. हे कळलं तर ती लेकीकडेच राहील, परत येणार नाही. आत्ताच नात झालीय, घरात आनंद आहे... तुमच्यावरचा राग काय, चार दिवसांत जाईल.”

तो गप्प राहिला. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून राहिला, हे खरंच होतं. पण त्याच्या मनाच्या तळाशी आणखी एक खोड होती. त्याला स्वतःचीच खात्री नव्हती. कोंबड्यानेच रोग आणला कशावरून? आपण भुसा आणायला गेलो होतो, आपल्याच चपलेला चिकटून आला नसेल कशावरून? ज्याला स्वतःबद्दल एवढी शंका, त्याच्या माथी दुसऱ्याचा दोष किती सहज बसतो! चार दिवसांची सात वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तो निघाला. तासभर तो मनातल्या मनात दाजींना सुनावायची वाक्यं जुळवत होता, त्यातली विशेषणं खोडत होता, पुन्हा घालत होता. उतरला तेव्हा एकही वाक्य धड उरलं नव्हतं. नुसता राग होता.

परसाच्या फाटकात ताई उभी होती. केस पांढरे झाले होते. कमरेला पदर खोचलेला, हातात चुन्याची बादली.

“कुणी बोलावलं तुला?”

“दाजींनी.”

“वा. सुरी आणलीस का सोबत?”

फाटकापाशी परातीत औषधाचं पाणी होतं. त्यात चपला बुडवून तो आत आला. पुढच्या खुराड्यात बारा होत्या. दोघी मान पाठीवर टाकून आडव्या. नवरदेव मात्र तुरा मिरवत ऐटीत उभा, जणू काही घडलंच नाही. मागे, भिंतीच्या पलीकडे, दुसरं खुराडं होतं आणि त्यात एकतीस तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, ताईने पिल्लांपासून वाढवलेल्या. त्या खाली मान घालून कण्या टिपत होत्या. धडधाकट.

तेवढ्यात पशुवैद्य बाई आल्या. तरुण, घाईत, खांद्याला बर्फाचा डबा. त्यांनी आडव्या पडलेल्या कोंबडीचे पंख उचलून पाहिले आणि मान हलवली.

“मावशी, माझ्याकडे लशीची एकच कुपी उरलीय. फोडली की तासाभरात संपवावी लागते. पुढे आणखी दोन घरं माझी वाट बघताहेत. तुमच्या मागच्या तलंगांत रोग शिरला असेल तर इथे ती वाया जाईल, मी पुढे जाते. नसेल शिरला तर एकतीसच्या एकतीस वाचतील. म्हणून नीट आठवून सांगा. रोग आला कुठून? भुशातून, रानपाखरांतून आला असेल तर तो दोन्हीकडे असणार. गेल्या पंधरवड्यात एखादा पक्षी बाहेर जाऊन परत आला होता का?”

“छे,” दाजी म्हणाले. “आमचे पक्षी उंबरठा ओलांडत नाहीत.”

“नाही बाई,” ताई म्हणाली. “कुणी गेलं नाही.”

बाईंनी डब्याचा पट्टा खांद्यावर सरकवला. “मग मला नाइलाज आहे.”

भिंतीपलीकडे तलंगा कुरकुरत होत्या. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी डोळ्यांनीच विनवणी केली, तीच, सात वर्षांपूर्वीची... आणि त्याच्या आत काहीतरी तटकन तुटलं.

“दाजी, कोंबडा कुठे होता?”

“कुठे म्हणजे...”

“कुठे होता ते सांगा. की मी सांगू? याही वेळचं सांगतो आणि त्या वेळचंही सांगतो.” त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “बाई, हा कोंबडा चार दिवस दुसऱ्याच्या घरी होता. दहा दिवसांपूर्वी आला. आला तो या पुढच्या खुराड्यात. मागे गेलेला नाही.”

दाजी खाली बसले.

बाईंनी ताईला विचारलं, “सकाळी दाणापाणी आधी कुणाला देता?”

“आधी तलंगांना,” ताई दाजींवरची नजर न काढता म्हणाली. “मग इकडे. भांडी वेगळी, चपला वेगळ्या. आधी निरोगी, मग बाकीच्या. यानेच कधीतरी सांगितलं होतं.”

त्याने चमकून पाहिलं. ज्याचं तोंड पाहायचं नाही, त्याचं सांगणं ती सात वर्षं रोज सकाळी पाळत होती!

“चला मग, पटकन,” बाई म्हणाल्या आणि कुपी फोडली.

तासभर हात थांबले नाहीत. तो एकेक तलंग धरी, ताई तिचं डोकं कलतं करी, बाई डोळ्यात थेंब टाकत. एकतीस झाल्या. मग पुढचं खुराडं उरलं. सवयीनेच तो तिकडे वळला, तोच ताईने त्याचं मनगट पकडलं. सात वर्षांतला पहिला स्पर्श.

“तू बस. मागच्या वेळी माझ्या भावाने केलं. आज तुम्ही करा हो. नवरदेवापासून सुरुवात करा.”

दाजी उठले. रडत रडत खुराड्यात शिरले. बाईंनी कसं करायचं ते दाखवलं, आणि त्यांनी केलं.

मागच्या पायरीवर ताईने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि तेव्हा कुठे तिचा राग उसळला.

“सात वर्षं तू मला तुझा द्वेष करू दिलास. कुणी दिला तुला हा अधिकार? मला काय झेपेल आणि काय नाही, हे तुम्ही दोघा पुरुषांनी बसून ठरवलंत. मोठा त्यागी. तुझ्या त्यागाने माझा भाऊ गेला, कळतंय का तुला?”

“तुझा संसार...”

“माझा संसार मी बघून घेतला असता. आणि यांचं काय करायचं तेही आता मीच बघेन. मी साधं विचारलं होतं तुला. त्याचं उत्तर तरी द्यायचंस.”

“काय विचारलं होतंस?”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. “पत्रात. मागच्या बाजूला.”

“मागच्या बाजूला?” तो म्हणाला.

“मागची बाजू... वाचलीच नाहीस तू?” तिचा आवाज एकदम खाली आला. “जगाची पुस्तकं तपासलीस रे पुस्तक्या. बहिणीचं पान उलटवलं नाहीस?”

तिने त्याच्या हातातला अर्धा राहिलेला कप काढून घेतला. “ऊठ. घरी जा, वाच. तोंडी मला काही सांगू नकोस. पत्राला पत्रच हवं. ते येईपर्यंत इकडे फिरकू नकोस.”

फाटकापाशी तो परातीत पाय बुडवायला वाकला तर ती आधीच खाली बसली होती. त्याची एक एक चप्पल हातात घेऊन ब्रशने तळ घासत होती, खसाखसा, दात-ओठ खात.

“दुसऱ्या कुणाच्या दारी नेऊ नकोस हे,” ती म्हणाली. मान मात्र वर केली नाही.

घरी पोचताच तो स्टुलावर चढला. पुस्तिका काढली. कागद उलटवला.

‘एवढं लिहिल्यावर राग जरा उतरला. आता खरं विचारते. तांबडी कशी गेली? तिला मानेखाली खाजवलेलं आवडायचं, तुला सांगायचं राहून गेलं. तुला मुंगी मारवत नाही, आणि बावीस कोंबड्या तू एकट्याने... त्या दिवशी तू जेवलास का? मला यातलं काही पटत नाही. तू कुणालातरी पाठीशी घालतो आहेस. जे असेल ते लिही, मला झेपेल. वाट बघते. तुझी ताई.’

सही होती. सात वर्षं सही तिथेच होती.

तो स्टुलावरच बसून राहिला. दाजींवर आलेला राग फार लहान होता, असं त्याला वाटलं. खरा राग आता कुठे येत होता, आणि तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस स्टुलावरच बसला होता. स्वतःला क्षुद्र समजणं हासुद्धा एक आळसच होता की काय! आपल्याला कुणी प्रेमाने काही विचारेल, हेच ज्याला खरं वाटत नाही, तो पान उलटवील कशाला? ती दारात उभी राहून पोस्टमनची वाट बघत असेल. किती महिने बघत असेल?

त्याने कागद घेतला. पहिला मसुदा फाडला. दुसऱ्यात समासात खुणा करू लागला, तोही फाडला. तिसरा लिहिला आणि तपासायचा नाही असं ठरवलं.

‘ताई, तांबडी माझ्या मांडीवर गेली. तिला मी मारलं नाही. बाकीच्या एकवीस मी मारल्या. तिची पाळी आली तेव्हा माझे हात चालेनात, म्हणून तिला घेऊन पायरीवर बसलो. मानेखाली खाजवायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मला जे येतं ते केलं. तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तिसऱ्या पानापर्यंत ती होती. त्या दिवशी मी जेवलो नाही...’

पान भरलं. उरलेलं त्याने मागच्या बाजूला लिहिलं, आणि पुढच्या बाजूच्या तळाशी, ठळक अक्षरांत, दोन रेघा मारून लिहिलं : ‘मागे पाहा.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्याने पाकीट अर्धं सरकवलं, पुन्हा ओढलं, पत्ता वाचला, एकदाच, आणि सोडून दिलं. आत ते कशावर तरी हलकेच पडलं. पेटीवर लिहिलं होतं, पुढचं टपाल तीन वाजता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तो पेटीशेजारी उभा राहिला, पोस्टमन येऊन पिशवी भरून जाईपर्यंत.