तिसरा प्लग

कुणी खोटं म्हणो, कुणी हसो. हे माझ्या सख्ख्या मामांवर, बाळकृष्णमामांवर गुदरलंय. आणि तेही रात्री नाही, भर दुपारी.

१९९७ चा मे महिना. अळणावर-धारवाड रस्ता.

मामांचं हुबळीत दुर्गदबैलला हार्डवेअरचं दुकान. अनुसयामामींच्या माहेराहून व्हॅननं परतत होते. मागच्या सीटवर मामींच्या मांडीवर पाच वर्षांची लेक योगिता, तापानं फणफणलेली. धारवाडचा दवाखाना गाठायचा, एवढंच डोक्यात.

जंगलात गाडी अडखळायला लागली. मग बंदच पडली.

प्लग गेले, मामांनी ओळखलं. पुढची सीट उचलली, खाली इंजिन. नवे प्लग गाडीत होतेच. बदलायचे कसे, ते फकीरप्पा मिस्त्रीनं शिकवलेलं. आधी हातानं फिरवायचा, टेकला की पान्यानं अर्धा फेरा आवळायचा. बिचारा फकीरप्पा शिवरात्रीलाच वारला होता.

इंजिन तापलेलं. बोटं भाजत होती. दोन प्लग झाले. तिसरा हातानं बसवला...

आणि झाडांतली किरकिर एकदम थांबली.

पान हलेना.

मग... अगदी कानाशी...

"बिगी..."

मामांनी वळून पाहिलं. रस्ता मोकळा.

"बिगी... बिगी..."

आवाज फकीरप्पाचा!

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. मेलेला माणूस सांगतोय, बिगीबिगी उरक! म्हणजे पोरीचं काही खरं नाही. त्यांनी पाना टाकला, सीट आपटली आणि गाडी पिटाळली.

चढावर... धाड्!

तिसरा प्लग उडाला होता. उरलेल्या दोनांवर गाडीनं थोडं रेटलं, मग दम सोडला.

तिथं, त्या ढिम्म गाडीपुढं, मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. फकीरप्पाला मराठीचं अक्षर येत नव्हतं. आणि कानडीत 'बिगी' म्हणजे घट्ट आवळ!

अहो, मामा दिवसभर दुकानात कानडीच बोलायचे. नेमके तेव्हाच कान मराठी व्हावेत?

लाकडाचा ट्रक मिळेतोवर उन्हं कलली. दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

पुढं वर्षभर मामांचं एकच. "माझ्या हातानं गेली गं पोर. अर्धा फेरा राहिला, नुसता अर्धा."

एके दिवशी मामींना राहवलं नाही.

"पुरे हो आता. तुम्ही सीट उचललीत तेव्हाच ती माझ्या मांडीवर गार पडली होती. तुम्ही जिवाच्या आकांतानं प्लग बसवत होता, कसं सांगू? तुम्ही ट्रकला हात करत होता, तेव्हाही मी तिला पदरानं वारा घालत बसले होते."

मामा रडले नाहीत. म्हणाले, "मग तो कुणासाठी आला होता?"

"कोण?" मामी म्हणाल्या. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मामांना निदान स्वतःला दोष तरी देता येत होता. आता तेही नाही. दुकान बंद केलंय, दिवसभर नुसते बसून असतात. मी समोर गेलो की तेच विचारतात, तो कुणासाठी आला होता? खरं सांगतो, हल्ली त्यांच्याकडे जायची भीती वाटते.