जोडीचं मुसळ

चैत्र सरत आला की बेळगावच्या आसपास घरोघरी वर्षाची चटणी होते. रूपालीनं त्यासाठी बँकेत रजा टाकली आणि स्कूटरवर मिरचीचं पोतडं बांधून ती सांबऱ्याला, माहेरी आली. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला. दरवर्षी ती आणि आई मिळून रविवार पेठेत मिरची निवडायच्या. यंदा तिनं एकटीनंच निवडली होती.

आई, जयाबाई, दिवाळीच्या आधी गेली. तिच्या चटणीचं गावात नाव होतं. तिच्या दिवसकार्याला जमलेल्या बायकांत चुलती सहज बोलून गेली, "जयासंगं चटणीबी गेली बघा." ते रूपालीच्या काळजात रुतून बसलं. त्यात आप्पांचं जेवण तुटलं. वहिनी विकतची चटणी वाढायची, आणि आप्पा भाकरी नुसती कुस्करून ताट सरकवायचे.

"यंदा चटणी मी करणार," रूपालीनं फोनवर भावाला, महादेवला ठणकावून सांगितलं होतं. "आईचीच चटणी. डंकाच्या गिरणीत न्हाय, उखळात कुटून."

ती पोचली तेव्हा महादेव आणि वहिनी लग्नाला नंदगडला निघून गेले होते. आप्पा नव्या घराच्या पुढच्या सोप्यात आडवे झाले होते. नव्या घरात ठसका नको म्हणून आईनं घरामागच्या परड्यातलं जुनं सैपाकघर चटणीसाठी राखून ठेवलं होतं. कौलारू, एकच खोली, चूल आणि जमिनीत पुरलेलं उखळ. आई गेल्यापासून तिथं कुणी चूल पेटवली नव्हती.

रूपालीनं कुलूप काढलं. आत गारवा होता, आणि जुन्या तेलाचा, धुराचा, जिऱ्याचा वास होता. बाहेर ऊन असं तापलेलं की परड्यात कावळासुद्धा ओरडत नव्हता. विमानतळाकडे एक विमान घरघरत उतरलं, त्याचा आवाज विरला, आणि मग इतकी शांतता झाली की चूल पेटवताना तिला काडी पेटलेली ऐकू आली.

काय काय घालायचं ते तिला पाठ होतं. अडलं ते पुढंच. किती, आणि कशाच्या आधी काय? आई कधी मापानं करत नसे. "हाताला कळतं गं," एवढंच म्हणायची. कढई तापली. रूपालीनं धण्यांची मूठ भरली आणि ती थबकली.

"आदी खोबरं…"

अगदी कानाशी. हळू, पण स्पष्ट.

तिनं मागं पाहिलं. दार उघडं, दारात ऊन. आपल्याच डोक्यातला आवाज म्हणून ती हसली, धणे खाली ठेवले आणि खोबरं टाकलं. खमंग वास सुटला. मग तीळ. मग खसखस. लवंगांची चिमूट उचलली, तशी मनगटाला काहीतरी लागलं. गार, ओल्या बोटांसारखं. चिमटीतल्या अर्ध्या लवंगा परत ताटलीत पडल्या.

तिच्या अंगावर काटा आला, तरी भीतीपेक्षा काहीतरी मोठं छातीत दाटून आलं. "आई…" ती पुटपुटली. "तूच हाईस न्हवं?"

कुठंतरी काकणं किणकिणली.

मिरच्या तेलात पडल्या तेव्हा तिनं पदर नाकाला लावला. पण ठसका आलाच नाही. लालसर धूर चुलीवरून उठायचा आणि तिच्यापर्यंत यायच्या आत वळून जायचा, जणू मध्ये कुणीतरी आडवं उभं होतं. तिचे डोळे भरून आले होते, पण धुरानं नव्हे.

सगळं उखळात घालून तिनं मुसळ उचललं. धप्. पहिला घाव बसला. तिनं मुसळ वर नेलं, आणि ते वर असतानाच खाली दुसरा घाव पडला.

धप्.

तिचे हात क्षणभर हवेतच राहिले. मग तिनं घाव घातला. धप्. मुसळ उचलेपर्यंत दुसरा. धप्. लहानपणी ती आणि आई अशाच समोरासमोर उभं राहून जोडीनं कुटायच्या. रूपालीनं नजर वर केली नाही. ती फक्त उखळात बघत राहिली. तिचं मुसळ वर असताना लाल चटणी खोल दबत होती आणि कडेनं वर येत होती. खांदे भरून आले, घाम निथळला, पण तिचा ताल चुकला नाही. एवढा अभिमान तिला कधी कशाचा वाटला नव्हता. आपल्याला हे येतंय. आईनं आपल्याला आपलं म्हटलंय.

चटणी बारीक झाली, तसा दुसरा घाव थांबला.

दिवेलागणीला तिनं गरम भाकरी केली. ताटात चटणी वाढली, तिच्यावर तेलाची धार सोडली आणि आप्पांसमोर बसली. आप्पांनी पहिला घास घेतला. चावता चावता ते थांबले. मग दुसरा, तिसरा. भाकरी संपली. त्यांनी ताट पुढं केलं. रूपालीनं दुसरी भाकरी वाढली, आणि तिचा ऊर भरून आला.

"आप्पा, आईसारखी जमली न्हवं?"

आप्पांनी ताटाला लागलेली चटणी बोटानं टिपून घेतली.

"ही तुज्या आईची न्हाय, पोरी."

"मग?"

"धोंडूची हाय. माज्या पयल्या बायकूची."

आप्पांना आधी एक बायको होती, एवढंच रूपालीच्या कानावर होतं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

"तुज्या आईनं जनमभर केली चटणी. लई चांगली करायची. दरवर्षी इचारायची, तिच्यासारखी झाली का? म्या व्हय म्हणायचो…" आप्पांनी डोळे पुसले. "झाली न्हवती. कदीच न्हाय. धोंडूनं कुणाला शिकवलीच न्हाय. सासूला न्हाय, जावंला न्हाय. म्हणायची, माज्या पोटची लेक हुईल, तिचं नावबी मनात ठरीवलंय, तिलाच शिकवीन."

"आणि लेक?"

"पोटातच ऱ्हायली. दोघीबी एकदमच गेल्या… त्या परड्यातल्या खोलीत."

रूपालीनं परड्याकडे पाहिलं. जुन्या सैपाकघराचं दार तिनं लावलं होतं. ते तसंच लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चुलती आली, चटणी चाखली आणि बोटं चाटतच राहिली. गावभर झालं. बेळगावात बँकेतल्या बायकांनी डबे मागून नेले. "कुणाची पद्धत गं?" असं कुणी विचारलं की रूपाली मान ताठ करून सांगायची, "माझ्या आईची." कुठल्या आईची, ते ती सांगत नसे, आणि स्वतःलाही विचारत नसे.

एका संध्याकाळी फ्लॅटच्या सैपाकघरात ती चटणी बरणीत दाबून भरत होती. लेक सौम्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"मम्मी… हौसा कोण?"

"कोण हौसा? आपल्यात कुणी न्हाय त्या नावाचं."

"मग आत्ता कुणीतरी 'हौसे, ये गं' म्हणून हाक मारली, तेव्हा…" सौम्याचा आवाज खाली गेला. "तेव्हा तू 'आले गं, आई' का म्हणालीस?"