कुमाररावांचं अमळनेर

ऑगस्टमधल्या एका दुपारी कांचन भाजी घेऊन घरी आली, तेव्हा कुमारराव फॅमिली रूममध्ये बसून फोनशी बोलत होते. त्यात नवल काही नव्हतं. मार्चमध्ये नवऱ्याला स्ट्रोक आल्यापासून हेच चाललं होतं. उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द हरवले होते. चमचा समोर असायचा, पण त्याचं नाव तोंडात यायचं नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, जुन्या आठवणी बोलू द्या, वाचा मोकळी होईल. अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात, चँडलरला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं, नीनानं, लगेच फोनवर रेकॉर्डिंगची सोय करून दिली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना चाळिशी आली की एकाएकी आईबापांच्या लहानपणाचा पुळका येतो, त्यातलाच तो प्रकार.

कांचननं गवारीची पिशवी ओट्यावर ठेवली. बाहेर त्यांच्या गावचं, शुगर लँडचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. घरात पडदे ओढलेले, एसीची घरघर, आणि त्या घरघरीतून कुमाररावांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"अमळनेरच्या पोस्टात टेबलाखाली बसायचो मी. वर ठपठप शिक्के पडायचे. लाख वितळल्याचा वास यायचा. एकदा एक थेंब इथं पडला, मनगटावर. मी रडलो नाही."

एकाही शब्दाला ते अडखळले नाहीत.

कोथिंबिरीची जुडी कांचनच्या हातात तशीच राहिली. कुमारराव माटुंग्याचे, त्यांचे वडील बँकेत. अमळनेरच्या पोस्टमास्तरांची मुलगी होती ती. आणि लाखेचा डाग तिच्या मनगटावर होता.

"अहो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" ते हसले. "माझंच आहे."

आता यात दुखण्याजोगं काय होतं ते सांगायला हवं. कांचनचं माहेरचं नाव आश्लेषा. ते नक्षत्र सासूला वाईट म्हणतात, म्हणून लग्नात कुमाररावांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'कांचन' असं लिहिलं आणि आश्लेषाला कायमची रजा मिळाली. तिच्यासोबत अमळनेरही गेलं. पुढे अमेरिका, तिची पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी, नीना. तू लहानपणी कशी होतीस, असं कुमाररावांनी चुकूनसुद्धा कधी विचारलं नाही. तिनंही मग हट्टानं सांगितलं नाही. त्याचा राग तिनं आयुष्यभर नीट जपून ठेवला होता. अन् ज्या माणसानं कधी विचारलं नाही, तोच आज ते सगळं आपलं म्हणून सांगत बसला होता.

पॅथॉलॉजिस्ट बाई. काचपट्टीवर पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारी नव्हे. आधी तिनं नीनावर संशय घेतला, पण नीनाला तरी कुठं काय माहीत होतं? मग वाटलं, आपणच झोपेत बडबडतो की काय. मग तर तिला या आजारपणाचाच संशय आला. सोंग तर नाही ना हे?

तिनं नीनाला फोन लावला. "ती आठवण बाबांची नाही, माझी आहे."

"सो स्वीट! मग तू सांग ना, आई. इन युअर ओन वर्ड्स."

कांचननं सांगायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. पोस्ट... टेबल... शिक्के. मघाशी कुमारराव जी वाक्यं बोलले, तेवढीच तिच्याकडे होती. लाखेचा वास आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. काही केल्या येईना. मनगटावरचा डाग जागच्या जागी होता, पण तो कसा पडला हे ती आता फक्त ऐकून होती.

"आई? यू देअर?"

"नंतर बोलू," ती म्हणाली.

त्यानंतर कुमाररावांनी बोरी नदीची वाळू सांगितली. शाळेतली मैत्रीण सांगितली. आजोळच्या म्हशीची धार काढताना हातावर सांडलेलं कोमट दूध सांगितलं. दर वेळी कांचन बाथरूममध्ये जाऊन डोळे मिटून ते शोधायची, आणि दर वेळी तिथं काहीच नसायचं. घरातलं जुनं कपाट हलवल्यावर भिंतीवर उरतो तसा फिकट चौकोन तेवढा राहायचा. कुमारराव मात्र सुधारत होते. थेरपिस्ट तोंडभरून कौतुक करत होती.

आता तिला खरी भीती वाटू लागली ती एकाच गोष्टीची. आईची.

कांचन लहान असतानाच आई गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आठवण एवढीच होती: न्हाणं झाल्यावर आईनं तिला मांडीवर आडवं घेतलंय, ओले केस धुपाच्या धुरावर पसरलेत, आणि आई वरून वाकून हसतेय, पुढच्या दातांत बारीकशी फट. तेवढ्या चेहऱ्यावर ती परक्या देशात राहिली, रात्रपाळ्या केल्या, बाळंतपण सोसलं. सांगितला तर झिजेल म्हणून तो चेहरा तिनं नीनालासुद्धा कधी दाखवला नव्हता.

तिनं रेकॉर्डिंग बंद करून टाकलं. थेरपी कॅन्सल केली. दिवसभर टीव्ही मोठ्यानं लावून ठेवू लागली. कुमारराव बोलायला लागले की ती त्यांच्यासमोर ताट ठेवायची. ते जेवता जेवता तिच्याकडे टक लावून बघायचे.

"काय लपवतेस?" एकदा त्यांनी हळूच विचारलं.

"मी? काही नाही..."

"धुराचा वास येतोय," ते म्हणाले. "जवळूनच येतोय."

रविवारी दुपारी आभाळ काळंभोर झालं, वारा सुटला आणि वीज गेली. एसी बंद पडला. घर इतकं गप्प झालं की कुमाररावांचा श्वास ऐकू येऊ लागला. तेवढ्यात त्यांच्या फोनवर नीनाचा व्हिडिओ कॉल आला. कांचन स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत त्यांनी डाव्या हातानं तो उचललाही होता.

"बाबा, आय मिस युअर स्टोरीज! आज आजीची सांगा ना. आईच्या आईची."

"नको!" कांचन ओरडली. तिनं फोन ओढला, पण त्या एका हातात कुठून ताकद आली होती कोण जाणे. फोन सुटेना. मग तिला एकच उपाय सुचला. आपणच आधी सांगून टाकायचं, म्हणजे ते आपलं राहील.

"माझी आई..." तिनं सुरुवात केली.

"माझी आई," कुमारराव म्हणाले, "मांडीवर घ्यायची..."

"मांडीवर घ्यायची. केस ओले..."

"केस ओले असायचे. खाली धूप... वरून ती वाकायची..."

कांचन भरभर बोलू लागली. पण ते एक शब्द पुढेच होते. मग दोन शब्द. मग तिच्या लक्षात आलं, आपण सांगत नाही आहोत. शाळेत बाईंच्या मागून म्हणावं तसं त्यांच्या मागून म्हणतो आहोत.

"हसायची तेव्हा दातांत..." कुमारराव थांबले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "सांग ना. दातांत काय?"

कांचननं आठवून पाहिलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"फट," ते प्रेमानं म्हणाले. "बारीकशी."

पडद्यावर नीना डोळे पुसत होती. "दॅट्स सो ब्यूटिफुल, बाबा."

"छान सांगता हो," कांचनही म्हणाली. वीज आली, तशी ती उठून चहा टाकायला गेली. मन कसं हलकं झालं होतं. एवढे दिवस आपण थेरपी का बंद ठेवली, हेच तिला कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं ती पुन्हा सुरू केली.

आठवड्याभरानं सकाळीच नीनाचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"आई, धिस इज सो वियर्ड. मी लहान असताना तू कशी दिसायचीस? फोटोत दिसतेस, पण... आय कान्ट रिमेंबर यू. एकदासुद्धा नाही."

"कामाचा ताण असेल, बाळा. झोप काढ जरा."

फॅमिली रूममधून कुमाररावांचा आवाज येत होता. हल्ली ते फार सुंदर बोलायचे.

"माझी आई हॉस्पिटलमधून यायची," ते फोनला सांगत होते. "पांढरा कोट न काढताच मला उचलून घ्यायची. तिचे हात थंड असायचे, साबणाचा वास यायचा..."

नीट ऐकू यावं म्हणून कांचननं नळ बंद केला. सासूबाई तर जन्मात कधी हॉस्पिटलात कामाला नव्हत्या, तिच्या मनात आलं. मग ही बाई कोण?