काळ्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह

"आधी एक सांगा ताई. सगळं ऐकल्यावर तुम्ही पण माझ्याकडं तसंच बघणार का?"

दारात उभी राहूनच बाई बोलली. कडेवर वर्षाची पोर, खांद्याला झोळी. धाराशिवच्या बस स्टँडमागच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात बंडप्पा नुकताच चहा घेऊन शिरला होता. एसटीतून रिटायर झाल्यापासून तो शिवरंजनीताईंची जुनी गाडी चालवायचा, चहा आणायचा, आणि न विचारता मतं द्यायचा. ताईंचं मुख्य काम लग्नाआधी स्थळाची चौकशी. पण कधी कधी असं कुणी यायचं.

"बसा. नाव काय?" ताईंनी विचारलं.

"अन्वरी. मुरूमच्या अक्रम सरांची घरवाली."

बंडप्पाचा हात थांबला. पेपरात वाचलेलं त्यानं. शाळामास्तर, आणि लॅपटॉपमध्ये लहान लेकरांची विटंबना करणारे फोटो! पुढं केलेला कप त्यानं गुपचूप खिडकीत ठेवला.

ताईंनी तो कप उचलून अन्वरीच्या हातात दिला. बंडप्पाकडं बघितलंही नाही, पण त्याचे कान तापले.

अन्वरी सांगू लागली. अक्रम विज्ञान शिकवायचा, पण तात्पुरत्या नेमणुकीवर. यंदा शाळेत एक कायम जागा मंजूर झाली. सगळ्यात जुना तोच, म्हणून ती त्याचीच. गॅदरिंग झालं, आणि आठवड्याच्या आत पोलीस घरात. कुणीतरी निनावी फोन केला होता: 'मास्तरच्या लॅपटॉपमध्ये बघा.' लॅपटॉपमध्ये खरंच ते सापडलं.

"ते रडून सांगत होते, मी हे बघितलेलंच न्हाय. कुणी ऐकलं न्हाय. दूधवाला बंद झाला. घरमालक म्हणतो खोली सोडा. दारावर कोळशानं एक शब्द लिहिलाय, मी पुसते, कुणीतरी पुन्हा लिहितं." तिचा आवाज चिरला नाही, उलट धारदार झाला. "परवा जामिनाची तारीख आहे. न्हाय मिळाला तर माझे अब्बा मला घेऊन जाणार. म्हणतात, पोरीला त्या माणसाचं नाव लावायचं न्हाय. ताई, माझ्या अलिजाचा बाप जिवंत असून मारून टाकतायत हे लोक!"

ताईंनी वकिलाकडचे कागद मागितले आणि भरभर चाळले. "लॅपटॉपवर ही घाण उतरली ती गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्या संध्याकाळी सरांनी काय केलं?"

"चाचणीचा पेपर टाइप केला. शाळेचा पेन ड्राइव्ह आणला होता. शाळेतल्या रामहरी सरांनी स्वतः हातात दिला, म्हणाले यातच आणा."

"तो पेन ड्राइव्ह पोलिसांनी घेतला?"

"न्हाय. हे दुसऱ्या दिवशी शाळेत परत देऊन आलेले. त्याचं कुणी विचारलंच न्हाय."

अन्वरी गेल्यावर बंडप्पा पुटपुटला, "ताई, माणूस खोटं बोलतंय. कॉम्प्युटर कसा बोलंल?"

"काका, तुमच्या परसात रात्रीतून चोरीचं गाठोडं सापडलं, तर चोर तुम्ही?"

"आँ? भिंतीवरनं कुणीबी टाकंल की!"

"मग गाडी काढा. भिंत कुठं आहे ते बघू."

*

नळदुर्ग मागं पडलं तरी बंडप्पाच्या डोक्यात ते गाठोडंच फिरत होतं.

मुरूमला पहिल्यांदा श्रीमंतचं दुकान लागलं. झेरॉक्स, मोबाइल, कॉम्प्युटर दुरुस्ती. दारावरच पाटी: 'पेन ड्राइव्ह आणू नये. व्हॉट्सॲप करावे.'

"एवढा राग का हो पेन ड्राइव्हवर?" ताईंनी विचारलं.

"राग कसला मॅडम, व्हायरसचं आगर असतंय ते! सोयऱ्याच्या ट्रॅक्टरला गाणी भरा, त्यातच सातबारा, त्यातच लग्नाची पत्रिका. आन् शाळेचा तर इचारूच नका. अख्ख्या शाळंला एकच. ऑफिसात हजेरीच्या बाजूला खिळ्याला टांगलेला. मुलखाची घाण त्यात, आन् नजर लागू नये म्हणून वर काळा दोरा बांधलाय!"

बंडप्पाला हसू आलं. ताई हसल्या नाहीत. "शाळेचं काम तुमच्याकडंच येतं?"

"येतंय की. गॅदरिंग झालं, त्याच्या दुसऱ्या दिशी रामहरी सर ऑफिसच्या कॉम्प्युटरचा डबा घेऊन आले. कॉम्प्युटरचे सर ते, संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे, पण अजून कायम न्हाईत. म्हणले व्हायरस आलाय, समदं पुसून टाक. म्या म्हणलं, आधी साफ करून बघतो, फायली वाचतील. न्हाय म्हणले, पूस! लोक लई घाईचे बघा. आज पूस म्हणतात, उद्या रडत येतात, लेकराचे फोटू गेले म्हणून. म्या आता शहाणा झालोय."

"कसे शहाणे?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि श्रीमंत आधार कार्डाच्या झेरॉक्सकडं वळला. ताई थांबल्या. मग पुन्हा काउंटरशी जाऊन त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. बंडप्पा तोवर गाडीवर बसलेलं शेळीचं करडू हाकलत होता.

*

रामहरी सर शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत भेटले. तरणाबांड, बोलायला गोड, हातात चकाकणारं घड्याळ.

"वाईट वाटतं हो. आमचा सहकारी. पण पुरावाच बोलतो, आपण काय बोलणार?"

"शाळेच्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस होता म्हणे?"

"होता ना! गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ओळखलं. पेन ड्राइव्हमधूनच ऑफिसच्या मशीनला आला. लगेच फॉरमॅट मारून घेतलं. अशा बाबतीत मी फार काटेकोर आहे."

"हुशार आहात. आता कुठं आहे तो?"

"हरवला. अक्रम सरांनी परत दिल्यावर कुणी नेला कुणास ठाऊक. आणि मॅडम, तो कायम त्यांच्याच घरी असायचा. त्यांच्याच लॅपटॉपची घाण त्यात आली असणार."

बाहेर आल्यावर बंडप्पा म्हणाला, "बरोबर हाय की. मास्तरच्या घरनंच आलं मंजी."

"काका, तुम्ही बस चालवायचात ना? ब्रेक फेल झालेली गाडी ओळखलीत, तर काय करायचात?"

"डेपोत लावायचो. पाटी अडकवायचो."

"दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात चावी द्यायचात?"

"मुडदा पाडायचाय का त्याचा?" बंडप्पा एकदम म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात यायला शाळेच्या फाटकापर्यंत वेळ लागला.

*

मुख्याध्यापिका दैवशालाबाई घरी भेटल्या. चांगल्या वागल्या. शंकरपाळे दिले. पण नजर वर येत नव्हती.

टीव्हीवर भरतकामाचं झाकण होतं, त्यावर धूळ. ताई पाणी प्यायला उठल्या, येताना टीव्हीच्या बाजूनं आल्या. पेन ड्राइव्ह लावायच्या खाचेवर जखमेची चिकटपट्टी दाबून बसवलेली होती.

"टीव्ही बघत नाही वाटतं?"

"वेळ कुठं असतो?"

भिंतीवर एका पोराचा फोटो, गळ्यात धावण्याच्या शर्यतीचं पदक. "मुलगा?"

"हो. दहावीला. मामाच्या गावाला पाठवलाय."

"दहावीच्या वर्षाला? तिथं चांगली शाळा आहे?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बंडप्पाला वाटलं, ताई आता दाबतील. पण ताईंनी एवढंच विचारलं, "गॅदरिंगचे फोटो छान आले असतील ना? कुणी काढले?"

"रामहरी सरांनी. पेन ड्राइव्हमध्ये भरून दिले त्यांनी. म्हणजे, मीच मागितला, फटाके चालू होते तेव्हा. नणंद-नंदावे आले होते बघायला." आणि बाईंनी जीभ चावली.

गाडीत बसताना ताईंचा चेहरा बंडप्पानं कधी नव्हे इतका लाल बघितला.

"काका, संताप येतो. एका आईनं तोंड शिवून घेतलंय, म्हणून दुसऱ्या आईच्या दारावर कोळसा फासला जातोय."

*

दुसऱ्या दिवशी ताईंनी बोलावल्यावर शाळेच्या ऑफिसात सगळी बसली. दैवशालाबाई, रामहरी, श्रीमंत, आणि कपाळाला आठ्या घालून फौजदार अमरसिंह. कोपऱ्यात अन्वरी. तिला कुणी खुर्ची दिली नाही. बंडप्पा उठला, स्वतःची दिली. अलिजा त्याची बोटं चावू लागली. दात येत होते तिला.

"बाई, लॅबचा रिपोर्ट आहे," अमरसिंह म्हणाले. "फोटो त्याच्या लॅपटॉपमध्ये होते. विषय संपला."

"लॅबला तुम्ही विचारलं, फोटो आहेत का? ते म्हणाले, आहेत. कुठून आले, ते विचारलंत? सरांनी एकदा तरी उघडले का, ते विचारलंत? त्याच्याही खुणा मशीनमध्ये असतात, साहेब. प्रश्नच अर्धा विचारला, आणि माणूस अख्खा आत टाकला!"

अमरसिंहांनी रिपोर्टाची पानं पुन्हा उलटली.

"निनावी फोनवाल्याला घराच्या आतला लॅपटॉप दिसला कसा? घरातल्या माणसांना ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं. कारण त्यानंच ते पाठवलं होतं." ताई दैवशालाबाईंकडं वळल्या. आवाज मऊ झाला. "बाई, तुमच्या टीव्हीला जखम झालीय का? पट्टी लावलीत म्हणून विचारते."

बाईंचं बोट पुन्हा पदराच्या टोकाशी गेलं.

"मी सांगते, चुकलं तर सांगा. गॅदरिंगच्या रात्री पेन ड्राइव्ह तुम्ही घरी नेला. पाहुणे बसलेले. लेकाच्या हातात दिला, टीव्हीला लाव म्हणालात, आणि चहा ठेवायला आत गेलात. बाहेर आलात, तर पडद्यावर ती घाण."

"नंदाव्यांसमोर!" दैवशालाबाई फुटल्या. "माझ्या पोराच्या हातात रिमोट! मी त्याला त्यांच्यादेखत मारलं हो. तो म्हणत होता, आई मी नाही, आई मी नाही. सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं तर नुसते नाचाचे फोटो. वाटलं, त्यानंच रात्री पुसलं. मी तसाच खिळ्याला अडकवला. मग अक्रम सरांना धरलं. मी बोलले असते तर माझं पोर आत गेलं असतं."

"तुमच्या घरात कॉम्प्युटर नाही. चहाला उकळी यायच्या आत पोरगं ते कुठून आणणार होतं? घाण पेन ड्राइव्हमध्ये लपवून ठेवलेली होती. लपवलेली फाइल कॉम्प्युटर सहसा दाखवत नाही, पण तुमच्या टीव्हीला ते कळत नाही. त्यानं होतं नव्हतं ते सगळं दाखवलं. लपवणारा एवढं सगळं शिकला, आणि मुरूमात गॅदरिंगचे फोटो पाहुण्यांना टीव्हीवर दाखवतात, एवढंच विसरला."

अन्वरी उभी राहिली होती. "तुम्हाला ठाऊक होतं? एवढे दिवस?"

दैवशालाबाईंनी तोंड झाकलं.

"आता बघा," ताई अमरसिंहांना म्हणाल्या. "टीव्हीवर दिसलं गॅदरिंगच्या रात्री. लॅपटॉपवर उतरलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तुमच्याच रिपोर्टात आहे. म्हणजे घाण सरांच्या घरातून पेन ड्राइव्हमध्ये आली नाही, पेन ड्राइव्हमधून सरांच्या घरात गेली. सोबत एक व्हायरस होता, लावल्या मशीनमध्ये गाठोडं टाकणारा."

"लॅपटॉपमधली तारीख कुणालाही बदलता येते!" रामहरी ओरडला.

"येते ना?" ताई शांतपणे म्हणाल्या. "हे तुम्ही म्हणालात ते बरं झालं. मग त्याच लॅपटॉपच्या जिवावर अक्रम सर आत का? आणि टीव्हीसमोर बसलेल्या नंदाव्यांची तारीख कशी बदलणार?"

रामहरी मनगटावरचं घड्याळ फिरवू लागला.

"सर, व्हायरस पेन ड्राइव्हमध्ये आहे हे तुम्ही सकाळीच ओळखलंत. ऑफिसचं मशीन दुकानात नेऊन पुसून घेतलंत. आणि तोच पेन ड्राइव्ह त्याच दिवशी स्वतःच्या हातानं अक्रम सरांना दिलात. पेपर यातच आणा म्हणालात. ते हटले की कायम जागा तुमची. ब्रेक फेल गाडीची चावी."

"मुडदा पाडायला," बंडप्पा पुटपुटला. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुरावा काय? मशीन तर पुसलंय!"

"श्रीमंत," ताई म्हणाल्या, "तुम्ही शहाणे कसे झालात ते साहेबांना सांगा."

श्रीमंतनं घसा खाकरला. "पुसायच्या आधी म्या समदं एका डिस्कवर काढून ठेवतो साहेब. लोकं मागनं रडतात ना. काल मॅडमनी इचारलं तवा शोधली. उघडली न्हाय. मॅडम म्हणल्या, हात लावू नगा. तशीच आणलीय."

"नुसतं साफ न करता पुसायचीच घाई का होती, ते आता कळेल. त्यात तो व्हायरस बनवल्याच्या खुणा निघतील, आणि कुणाच्या नावानं निघतील तेही," ताई म्हणाल्या. "पण साहेब, आता नियमानं चला. ती घाण श्रीमंतच्या डिस्कवर आहे. धरा त्याला. बाईंच्या टीव्हीवर होती. धरा त्यांना, पोरालाही धरा. सापडलं त्याला धरायचं, हाच तुमचा नियम ना? की तो फक्त अक्रमसाठीच?"

अमरसिंहांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग उठून रामहरीच्या खुर्चीमागं उभे राहिले. रामहरी फोन काढून "मामा..." म्हणाला. फौजदारांनी फोन त्याच्या हातातून घेतला.

दैवशालाबाई अन्वरीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "कोर्टात सांगेन. सगळं सांगेन. मला माफ..."

"कोर्टात सांगा," अन्वरी म्हणाली. "माफीचं नंतर बघू. आधी तुमच्या लेकाला फोन लावा. त्याची मागा."

*

अक्रमला जामीन मिळाला त्या दिवशी बंडप्पाच गाडी घेऊन त्यांना आणायला गेला होता. खोलीपुढं गाडी थांबली, तर घरमालक बादली आणि ओलं फडकं घेऊन दार घासत बसलेला. शेजारची चार माणसं भोवती. दूधवालासुद्धा.

"या सर, या. पोरासोरांचं काम हो हे. पुसून घेतो म्हटलं तुम्ही यायच्या आत."

अक्रम मान खाली घालूनच उतरला. अन्वरीनं पोर बंडप्पाकडं दिली, पुढं झाली आणि घरमालकाच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"पुसायच्या आधी वाचा."

"काय?"

"इतके दिवस येता-जाता मनात वाचत होतात ना सगळे. आज यांच्या तोंडावर वाचा. मोठ्यानं."

घरमालकानं शेजाऱ्यांकडं बघितलं. शेजाऱ्यांनी दूधवाल्याकडं. कुणाच्या तोंडून तो शब्द निघेना. बंडप्पाचीही मान खाली गेली. लिहिला नसला तरी वाचला त्यानंही होता, पार धाराशिवात बसून.

घरमालकानं बादली मागं सरकवली. मग अक्रमनं मान वर केली, आणि एकेकाच्या डोळ्यांत बघू लागला.