मधलं बटण

‘उद्याचा कार्यक्रम झाला की धम्मानंदला नारळ देऊन टाकू. त्याच्याबिगर त्या लॅपटॉपला हात लावतंय कोण?’

शरणप्पा हे आपल्या मुलाला, उमाशंकरला, न्हाणीच्या भिंतीआडून हळूच म्हणाले. भिंतीच्या अलीकडे सून भांडी घासत बसलीय, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. सुकन्या तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन औशात आली होती आणि इतकं कमी बोलायची की ती घरात आहे हेच माणसं विसरत. त्यामुळे तिला पुष्कळ गोष्टी कळत.

अण्णाराव ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतात. ते शरणप्पांच्या भजनी मंडळात टाळ वाजवतात. रात्री कार्यक्रमावरून परतताना जीपमधली तरणी मंडळी मोबाईलवर गाणी लावायला लागली की म्हणतात, बंद करा ते, आपल्याच मंडळातलं खरं घडलेलं सांगतो.

गेल्या वर्षीचा श्रावण. शनिवारी राखीपौर्णिमा झालेली, आणि ही रविवारची गोष्ट. सोमवारी किल्लारीला देवळात भजन होतं.

मंडळ उभं केलं शरणप्पांच्या थोरल्या भावानं, संगप्पांनी. ते आदल्या माघात वारले. सुकन्यानं त्यांना फोटोतच पाहिलं होतं. वाद्यांच्या खोलीत तो फोटो टांगलेला आहे. संगप्पा पेटीवर बसलेत, सुरांवर उजवा हात. त्या हाताचं मधलं बोट कडबाकुट्टीत गेलेलं. पण उरलेल्या बोटांवर ती पेटी अशी बोलायची, की दहा बोटंवाले गप ऐकत बसायचे.

ते गेले आणि पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. उमाशंकरनं लॅपटॉप आणला. पेटी, तबला, तानपुरा, सगळे आवाज त्यातच. प्रत्येक भजनाला कोणता आवाज किती, ते आधीच बसवून सेव्ह करायचं. सोबत एक छोटा बोर्ड, त्यावर आवाज कमीजास्त करायला तीन बटणं, एकाखाली एक, डावीकडून उजवीकडं सरकणारी. वर पेटी, मध्ये तबला, खाली तानपुरा. हे सगळं जोडून दिलं धम्मानंदनं. उमाशंकरचा शाळेपासूनचा दोस्त. मंडळाचा साउंड तोच बघायचा आणि त्यावरच त्याचं घर चालायचं.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. घरी बसवलेला आवाज कार्यक्रमात भलताच निघायचा. पेटी आणि तानपुरा एकदम फुल्ल, शरणप्पांचा गळा त्यात बुडालेला, माइक किंचाळतोय. उदगीरला झालं, निलंग्याला झालं. नांदेडच्या एका लग्नात तर नवरीकडच्यांनी येऊन विचारलं, जनरेटर बंद करायचा का? उमाशंकरनं सेव्ह दाबून दाबून बोट दुखवून घेतलं. सगळं पुसून पुन्हा टाकलं, वायरी बदलल्या, चार्जर बदलला, एकदा लॅपटॉपची दृष्टसुद्धा काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात ताटं आपटायला लागली. धम्मानंदनं आईची शपथ घेतली, तरी संशय फिरून त्याच्यावरच यायचा.

सुकन्या नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटरच शिकलेली. पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. रविवारी भिंतीआडचं ते बोलणं कानावर पडलं, आणि दोघं बाप-लेक बाजारात गेल्यावर ती हात पुसून लॅपटॉपसमोर जाऊन बसली.

सेव्ह केलेले आकडे सगळे ठीक होते. पण एका कोपऱ्यात दोन पर्याय होते. भजन उघडलं की आवाज सेव्ह केलेल्या आकड्यावर न्यायचा, की बोर्डावरचं बटण जिथं असेल तिथं? खूण दुसऱ्यावर होती. म्हणजे हजारदा सेव्ह करा, मालक बटणच. मग बटण सरकवतंय कोण?

तिनं बोर्डाकडं पाहिलं. त्याच्या खाचांत पांढरं काहीतरी अडकलेलं. विभूती.

कार्यक्रमाआधी प्रत्येक वाद्यावर तीन बोटांनी विभूतीचे आडवे पट्टे ओढायचे, ही संगप्पांनी लावलेली रीत. आता ती सासूबाई, शिवम्मा, पाळायच्या; सुकन्या त्यांना आत्या म्हणायची. सुकन्यानं ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवली आणि बोर्डावरून ओढली. तिन्ही बटणं सर्रकन उजव्या टोकाला. ती एकटीच हसली. इतके दिवस आत्या भक्तिभावानं आवाज वाढवून ठेवत होत्या, आणि शिव्या धम्मानंदला.

एकच गोष्ट जुळेना. तिच्या बोटांनी तिन्ही बटणं सरकली. कार्यक्रमात मात्र तबला कधीच वाढलेला नसायचा. आत्यांचं मधलं बोट हलकं पडत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

तिनं खूण पहिल्या पर्यायावर केली. पाच वेळा बंद करून उघडलं. आवाज जागच्या जागी. बोर्ड पुसला, बटणं डावीकडं ओढली, लॅपटॉपचं झाकण लावलं. खोलीला कुलूप घालून किल्ली पदराला बांधली. आत्या राखीला भावाकडं नांदेडला गेलेल्या, मंगळवारी येणार. म्हणजे आज हात लावायला कुणीच नाही. रात्री जेवताना सांगायचं ठरवलं होतं, पण बाप-लेक धम्मानंदवरूनच इतके तणतणत होते की सुनेला घास गिळायचीही फट मिळेना. सकाळी सांगू, असं ती मनाशी म्हणाली.

रात्री अडीचला वीज गेली. पंखा थांबला. तिला जाग आली.

पेटी वाजत होती.

एकच सूर. बारीक. लांबलेला…

उमाशंकर शेजारी झोपलेला. बाहेर ओट्यावर शरणप्पा खोकले. म्हणजे तेही नाहीत.

सूर थांबला. मग तानपुरा लागला.

ती उठली. मोबाईलचा उजेड पायाशी धरला. बोळातून चालली. खोलीचं कुलूप तसंच होतं. किल्ली पदराला. गाठही तीच.

तिनं कुलूप काढलं.

तानपुरा थांबला.

लॅपटॉपचं झाकण उघडं होतं. पडद्यावर ते दोन पर्याय. खूण पुन्हा दुसऱ्यावर. तिनं उजेड बोर्डावर नेला. पेटीचं बटण उजव्या टोकाला. तानपुऱ्याचं उजव्या टोकाला. तबल्याचं…

जाग्यावर.

आणि बोर्डावर विभूती. ओली. दोन पट्टे. मध्ये एका बोटाची जागा कोरी.

फोटो समोरच्या भिंतीवर होता. तिनं मान वर केली नाही. तशीच मागं मागं सरकली. दार ओढलं. कुलूप लावलं… सकाळपर्यंत चुलीपाशी बसून राहिली.

अण्णाराव इथं थांबतात. तंबाखू मळतात.

सकाळी सामान भरायला मंडळ जमलं. सुकन्यानं खोली उघडून दिली. शरणप्पांनी आत जाऊन बटणं पाहिली आणि ते बाहेर आले ते थेट धम्मानंदपुढं. तो वायरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन उंबऱ्याशी उभा होता.

‘आमचं काय चुकलं रं, धम्मानंद?’

तो म्हणाला, ‘काका, मी आत्ता तर आलो.’ त्यानं उमाशंकरकडं पाहिलं. उमाशंकर खाली बघत चार्जरची वायर गुंडाळत राहिला. धम्मानंदनं वेटोळं हळूच खाली ठेवलं आणि तो चपला शोधायला लागला.

सुकन्या चहा घेऊन आलेली. ट्रे तिनं जमिनीवर ठेवला. आत जाऊन बोर्ड उचलून आणला आणि सगळ्यांसमोर उजेडात धरला. अण्णाराव तिथंच टाळ पिशवीत भरत होते. ते सांगतात, रात्रीची विभूती, सकाळचे आठ वाजलेले, आणि ते दोन पट्टे अजून ओले होते. शरणप्पांनी एकदा हात पुढं केला आणि मागं घेतला.

सुकन्याचा आवाज अण्णारावांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकला.

‘मामा, किल्ली रातभर माझ्या पदराला होती. आन् धम्मानंदभाऊंची धाही बोटं जाग्यावर हायेत. माळ्यावरली पेटी तेवढी खाली काढा.’