उजवा सात

एक्स-रे विभागात दोघीच होत्या आणि सगळं रुग्णालय त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं. नातं काही नव्हतं. थोरलीला तिथं बावीस वर्षं झाली होती, धाकटीला सहा. एवढाच काय तो थोरलेपणा. पण थोरली तो पुरेपूर वापरायची. "माझी एक तरी फिल्म पुन्हा काढावी लागली असं दाखवा, मी ॲप्रन उतरवून घरी जाते," असं ती प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात ऐकवायची. खरं सांगायचं तर बावीस वर्षांत कुणाला दाखवता आलं नव्हतं.

कामाचा नियम सोपा होता. प्रत्येकीकडे शिशाचे नखाएवढे दोन शिक्के. एक उजव्या बाजूचा, एक डाव्या बाजूचा, आणि दोन्हींवर आपापला अंक. थोरलीचा चार, धाकटीचा सात. फिल्म काढताना शिक्का कोपऱ्यात चिकटवायचा, म्हणजे चित्रात तो पांढरा उमटतो. कुठली बाजू उजवी आणि काम कुणी केलं, दोन्ही गोष्टी कायमच्या नोंदल्या जातात.

त्या शुक्रवारी अपघातातला एक घड्याळजी बेशुद्ध अवस्थेत आला. त्याच्या एका फुफ्फुसाभोवती हवा साचली होती. वॉर्डात जाऊन फिल्म काढली गेली, डॉक्टरांनी ती पाहिली आणि हवा काढायला नळी घातली. घातली ती चांगल्या बाजूला. हवेच्या दाबानं हृदय इतकं सरकलं होतं की त्यावरूनही बाजू कळेना. शिक्क्यावर विसंबावं लागलं, आणि शिक्का उलट्या बाजूला होता. घड्याळजी वाचला, पण अठरा दिवस यंत्रानं श्वास घेत होता.

शिक्क्यावर अंक होता सात.

धाकटीनं वादसुद्धा घातला नाही. त्या दिवशी चाळीसेक फिल्म निघाल्या होत्या, तिला कुठली आठवणार? "अंक माझाच आहे ना? मग मीच असणार," ती म्हणाली आणि तिचे दोन्ही शिक्के डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून घरी गेली. डॉक्टरांनी ते पाकिटात घालून ड्रॉवरला कुलूप लावलं. सहा आठवड्यांनी चौकशी समिती बसणार होती. परवाना राहणार की जाणार, ते तेव्हा ठरणार होतं.

"बाई, ती फिल्म तुम्ही काढली असती ना, तर हे झालं नसतं," डॉक्टर थोरलीला म्हणाले.

"ते तर आहेच," थोरली म्हणाली.

चौथ्या दिवशी तिनं खुंटीवरचा ॲप्रन चढवला आणि पट्टा पोटाला काचला. धाकटीचा ॲप्रन होता. ती तिथंच थबकली. शुक्रवारीही पट्टा असाच काचला होता! घाईत तिनं समोर आला तो ॲप्रन ओढला होता, खिशात होते ते शिक्के वापरले होते. वॉर्डातला तो बेशुद्ध पेशंट म्हणजेच घड्याळजी, हे तिला आता जुळलं. घड्याळजीच्या खाटेच्या पायाशी यंत्रांची गर्दी होती, म्हणून ती कधी नव्हे ती उशाशी उभी राहिली होती. उशाकडून डावं-उजवं उलटं होतं. डोक्याला ते ठाऊक होतं, पण हातानं बावीस वर्षांची सवय गिरवली.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याचा परवा झाला. "ते तर आहेच" म्हणून बसली होती, आता कुठल्या तोंडानं सांगणार? तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणूनच ती आणखी गप्प बसत होती.

एकदा धाकटीचा फोन आला. "ताई, मी दिवसभर स्वतःच्या हाताकडे बघत बसते. असा कसा चुकला हो माझा हात?"

"जेवलीस का नीट?" थोरलीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सुताराचं मनगट आलं. थोरलीनं आपला शिक्का लावला, फिल्म धुऊन आली, तिनं ती उजेडाच्या पेटीवर चढवली. कोपऱ्यात सात होता.

थोरली घाबरणाऱ्यांतली नव्हती. फिल्म ज्या चपट्या पेटीत ठेवतात त्या जुन्या कॅसेटवर आधीच्या फिल्मची सावली राहिली असेल, म्हणून तिनं कॅसेट बदलली. सात. यंत्र बदललं. सात. मग पेशंट नसताना कॅसेटवर नुसता आपला शिक्का ठेवून पाहिला. अगदी ठसठशीत चार उमटला. म्हणजे शिक्का बरोबर, यंत्र बरोबर. मधे माणूस आला की सात.

"बघू किती दिवस चालतं तुझं," ती पेटीकडे बघून म्हणाली आणि कामाला लागली. डॉक्टर काही बोलले नाहीत, तेव्हा तीही बोलली नाही.

तिसऱ्या आठवड्यात सात कोपऱ्यातून सरकायला लागला. आधी खांद्याजवळ आला, मग बरगड्यांच्या कडेला.

"बाई, शिक्का जरा लांब लावा, हाडावर येतोय," डॉक्टर म्हणाले.

"लावते," थोरली म्हणाली. शिक्का तिनं नेहमीच्याच जागी, वीतभर लांब लावला होता.

घरी नवरा एकदा चहा गाळता गाळता म्हणाला, "हल्ली सारखी छाती चोळत असतेस. दुखतंय का काही?"

"दुखायला काय झालंय? धडधाकट आहे मी!"

"मग दाखव ना काढून एक फोटो. तुमच्याकडे काय, घरचंच दुकान."

तो सहज बोलून गेला. चौकशीच्या आदल्या दिवशी, दुपारी पेशंट नव्हते तेव्हा, थोरलीनं खोलीला आतून कडी लावली. वॉर्डात न्यायच्या यंत्राला लांब वायरचं बटण असतं. ती कॅसेटला छाती टेकवून उभी राहिली, आपला उजवा चार उजवीकडे चिकटवला आणि बटण दाबलं.

फिल्मवर चार नव्हताच.

सात होता. उजव्या बाजूचा सात, डावीकडे, हृदयावर. घड्याळजीच्या फिल्ममध्ये होता तसाच उलट्या बाजूला.

तिनं भिंग लावलं. कॅसेटला चिकटलेल्या वस्तूची कड धारदार येते, पाठीमागे लांब असलेल्या वस्तूची पुसट. ही कड मधली होती. बरगड्यांच्या सावल्यांशी ताडून तिनं अंतर काढलं, दोनदा काढलं. असले अंदाज तिचे कधी चुकत नसत.

शिक्का आत होता.

शुक्रवारी डॉक्टरांच्या खोलीत समितीसमोर धाकटी खुर्चीच्या टोकावर बसली होती. वाळून काडी झाली होती पोरगी. तिला काही विचारायच्या आत थोरली उठली.

"ती फिल्म मी काढली. ॲप्रन हिचा, शिक्के हिचे, चूक माझी. लिहून घ्या."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "पण बाई, गेले कित्येक दिवस तुम्ही तिचेच शिक्के वापरताय ना? मला वाटलं, तुमचे हरवले असतील."

"तिचे तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेत, डॉक्टर."

डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला. पाकीट सीलबंद होतं, आत दोन्ही शिक्के होते. त्यांनी ते धाकटीच्या हातात दिले. त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

बाहेर व्हरांड्यात धाकटीनं विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं, ताई?"

"चौथ्या दिवशी."

धाकटीनं मनाशी हिशेब केला. "म्हणजे अडतीस दिवस. अडतीस दिवस मी समजत होते की माझ्या हातानं माणूस मरता मरता वाचला."

"चुकलं माझं. शंभर वेळा चुकलं."

शिक्के खिशात टाकून धाकटी निघून गेली.

थोरलीला मात्र मोकळं वाटलं. परवाना एक वर्ष बंद होणार होता, होऊ दे. सोमवारी ती सामान न्यायला आली तेव्हा धाकटी कामावर रुजू झाली होती, आणि बाहेर बाकावर पेशंट बसले होते.

"जायच्या आधी माझ्या छातीची एक फिल्म काढ," थोरली म्हणाली. "आता काही असणार नाही. मला फक्त बघायचंय."

धाकटीनं का म्हणून विचारलं नाही. "उभ्या राहा."

थोरली भिंतीवरच्या कॅसेटला छाती टेकवून उभी राहिली. पाठीमागे धाकटी काचेआड गेली.

"हनुवटी वर. खांदे पुढे. दीर्घ श्वास घ्या." आवाज शांत होता. "रोखून धरा."

यंत्र घरघरलं, खट्ट झालं.

थोरली पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली. 'सोडा' म्हणायचं असतं. तिनंच शिकवलं होतं.

शब्द आला नाही.

विसरली असेल, म्हणून थोरलीनं आपणच श्वास सोडायला घेतला.

सुटला नाही.

तिनं पुन्हा जोर लावला. छाती भरलेली तशीच राहिली. हाक मारावी तर त्यालाही श्वास लागतो. कॅसेटवरचे तळवे हलेनात, मानही वळेना.

पाठीमागे रजिस्टरवर पेन चालल्याचा आवाज आला. मग पान उलटलं. मग दार उघडलं.

"चला, पुढचे कोण?" धाकटी बाहेर बघून म्हणाली. "या आत. खोली रिकामीच आहे."