उजळीनं दाखवलेली वाट

दिवेलागणीची वेळ झाली, तरी त्या संध्याकाळी करंजखिंडीत कुणी दिवा लावला नाही. विद्यापीठातून आलेल्या मृदातज्ज्ञ मानसी खोत यांनी तशी विनंतीच केली होती. सारं गाव शाळेच्या पटांगणात डोंगराकडं तोंड करून बसलं होतं. पुरुष सतरंजीवर, बायका मागं भिंतीला लागून. इंदुमती गावची सरपंच, पण तीही भिंतीपाशीच उभी होती. सतरंजीवर पहिल्या रांगेत तिचा नवरा यशवंत बसला होता.

पावसाळा सरल्यावर मानसीताईंनी ड्रोननं शिवारभर अंधारात उजळणारी एक बुरशी फवारली होती. तिचं नाव उजळी.

"पायांनी दबलेल्या मातीतच ती धरते," मानसीताईंनी सांगितलं. "गुरांच्या खुरांनी माती उकरली जाते, तिथं ती तगत नाही. माणसांची वर्दळ जितकी, तितका उजेड. रस्ता आणि पाण्याची लाइन कुठून न्यायची, ते आता गावाचे पायच सांगतील."

"त्यात सांगायचं काय? एसटीच्या फाट्याला रस्ता पायजे," उपसरपंच श्रीपतआबा म्हणाले. यशवंतानं मान डोलावली.

अंधार दाटला, आणि डोंगर हळूहळू उमलला.

आधी झऱ्याची वाट उजळली, हिरवट-निळी. मग सरपणाची, मग नाचणीच्या खाचरांची, अंगणवाडीची. वाटेतून वाट फुटत गेली, उतारभर शिरांसारखी पसरली. फाट्याकडं जाणारी वाट तेवढी सुतासारखी बारीक दिसत होती.

"अगं बया," भिंतीपाशी बसलेली चंपूआत्या पुटपुटली, "एवढं चाललो आपण?"

लग्न होऊन आल्यापासून इंदुमती त्या डोंगरावर चढत-उतरत होती. पण आपलं चालणं असं दुरून तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आभाळातल्या चांदण्याही आज फिक्या वाटत होत्या.

तेवढ्यात श्रीपतआबांनी बोट दाखवलं. "ते मधी काय हाय?"

सगळ्या वाटा एका जागी मिळत होत्या. हिरड्याच्या झाडाखाली उजेडाचं तळं साचलं होतं. तिथं ना पाणी, ना शेत, ना देऊळ.

बायकांना ती जागा ठाऊक होती. डोक्यावरचे भारे उतरवून बायका तिथं टेकायच्या. नळ आधी कुठल्या आळीला द्यायचा, शाळेत मास्तर का येत नाहीत, कुणाच्या पोरीचं लग्न थांबवायचं, सगळं तिथं ठरायचं. मग रात्री जेवताना इंदुमती ते यशवंताच्या कानावर घालायची, आणि सभेत तो तेच आपलं म्हणून मांडायचा. आता सांगितलं, तर बायकांची ती एकुलती एक जागाही जाणार होती. नाही सांगितलं, तर रस्ता फाट्याला जाणार होता.

ती भिंतीपासून सुटली आणि सतरंजी ओलांडून पुढं गेली.

"आबा, तिथं आमची सभा भरते."

"बायकांची? कसली सभा?"

"गावाची. नळाचं तिथं ठरलं. मास्तरांची तक्रारही तिथंच ठरली."

यशवंतानं झटकन वर पाहिलं. अंधारात त्याचा चेहरा दिसला नाही.

श्रीपतआबा घसा खाकरून म्हणाले, "मग आता इथं बसत चला की पुढं. कुणी नको म्हटलंय?"

"इथं आम्हांला भिंत मिळते, आबा." तिनं डोंगराकडं हात केला. "पुढची ग्रामसभा हिरड्याखाली. सरपंच म्हणून सांगते. रस्ता कुठून जाईल, ते तिथं ठरवू. ज्यांना यायचं, त्यांनी चढून यावं."

मागं बायका एकेक करून उठून उभ्या राहिल्या. डोंगर तसाच तेवत होता.

बऱ्याच वेळानं यशवंत तिच्याजवळ येऊन थांबला. हिरड्याखालच्या त्या उजेडात त्याचं एकही पाऊल नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं.

"इंदू," तो हळूच म्हणाला, "वाट लई अवघड हाय का गं?"